स्पिन-काच: अव्यवस्थित चुंबकीय पदार्थांचे नीच तापमानातील वर्तन

बीजसंज्ञा: स्पिन-काच, चुंबकीय कोंडी, गोठण-तापमान, वार्धक्य, स्मृती, प्रतिकृती-सममिती

प्रस्तावना

पदार्थ थंड करीत गेल्यास त्यातील कणांची उष्णताजन्य धावपळ मंदावते आणि एका विशिष्ट तापमानाला ते शिस्तीने मांडले जातात, ही कल्पना भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्रारंभापासून रुजविलेली असते. पाण्याचे बर्फ होते. लोखंड १०४३ केल्विनच्या खाली उतरले की त्यातील अणूंची सूक्ष्म चुंबके एकाच दिशेकडे वळतात व पदार्थ लोहचुंबकीय होतो. मँगॅनीज ऑक्साइडसारख्या संयुगात सुमारे १२० केल्विनखाली शेजारची चुंबके परस्परविरुद्ध दिशांना उभी राहतात. यालाच प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. दोन्ही ठिकाणी एका अणूच्या चुंबकाची दिशा कळली की त्याच स्फटिकातील लक्षावधी अणूंपलीकडच्या चुंबकाची दिशा सांगता येते. सुव्यवस्था या शब्दाचा अर्थ येथे एवढाच आहे.

या विचारामागे आणखी एक गृहीत असते आणि ते सहसा उच्चारले जात नाही. तापमान, दाब व चुंबकीय क्षेत्र या राशी दिल्या की समतोलातील पदार्थाची अवस्था ठरते. तो तेथवर कोणत्या वाटेने आला, किती वेळ तेथे थांबला, हे विचारण्याचे कारण उरत नाही. उष्मागतिकीची सारी इमारत या गृहीतावर उभी आहे. तांब्यात शेकडा एक मँगॅनीज मिसळून केलेल्या एका साध्या मिश्रधातूने मात्र हे गृहीत अडचणीत आणले. तिच्यासारख्या पदार्थांना 'स्पिन ग्लास' असे नाव पडले. मराठीत त्यांना स्पिन-काच म्हणता येईल. अणूतील इलेक्ट्रॉनांच्या परिवलनामुळे अणूला जे चुंबकीय परिबल प्राप्त होते त्यास संक्षेपाने 'स्पिन' म्हणण्याचा प्रघात आहे. काचेतील रेणू द्रवातल्याप्रमाणे अस्ताव्यस्त असतात, तरीही ते जागचे हलत नाहीत. या मिश्रधातूंतील स्पिनांचे नेमके तसेच होते.

मिश्रधातूतील अदृश्य दुवे

तांबे स्वतः चुंबकीय नाही. त्यात मिसळलेल्या मँगॅनीजच्या प्रत्येक अणूला मात्र भरघोस चुंबकीय परिबल असते. वितळलेले मिश्रण थंड होऊन घट्ट होते तेव्हा हे अणू तांब्याच्या स्फटिक-जालकात जेथे जागा मिळेल तेथे अडकतात आणि त्यानंतर तेथेच राहतात. नीच तापमानाच्या प्रयोगात अणूंच्या जागा बदलत नाहीत, बदलतात त्या केवळ त्यांच्या स्पिनांच्या दिशा. जागांची ही अव्यवस्था नमुना तयार होतानाच कायमची ठरून गेलेली असते. पुढील सर्व विवेचनात हा भेद महत्त्वाचा आहे.

शंभरांत एक या प्रमाणात विखुरलेले हे अणू एकमेकांना थेट स्पर्श करीत नाहीत. त्यांच्यातील संवाद घडतो तो तांब्यातील मुक्त इलेक्ट्रॉनांच्या मध्यस्थीने. मँगॅनीजचा अणू आपल्या भोवतालच्या इलेक्ट्रॉनांच्या परिवलनात एक लहरीसारखा चढउतार निर्माण करतो आणि दूरच्या दुसऱ्या अणूला तो जाणवतो. रुडरमन व किटेल यांनी १९५४ मध्ये, कासुया यांनी १९५६ मध्ये आणि योसिदा यांनी १९५७ मध्ये या आंतरक्रियेचे गणित मांडले. तिचे दोन गुणधर्म येथे कामाचे आहेत. पहिला असा की अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात ती क्षीण होते. दुसरा अधिक निर्णायक आहे: अंतर वाढत असता तिचे चिन्ह सतत पालटते. एका अंतरावर ती दोन स्पिनांना समांतर राहावयास सांगते, त्याहून किंचित पुढे परस्परविरुद्ध. तांब्यात या चढउताराची तरंगलांबी सुमारे २.३ अँगस्ट्रॉम येते. तांब्याच्या दोन शेजारी अणूंमधील अंतर सुमारे २.५६ अँगस्ट्रॉम आहे. दोन्ही अंतरे जवळपास सारखी असल्यामुळे मँगॅनीजचा अणू जालकात एक घर इकडे की एक घर तिकडे बसला, एवढ्यावर आंतरक्रियेचे चिन्ह अवलंबून राहते. जागा यादृच्छिक असल्याने चिन्हेही यादृच्छिक होतात. निम्म्या जोड्यांत सख्य आणि निम्म्यांत वैर, असे हे जाळे असते.

यातून एक साधे अनुमान निघते. मँगॅनीजचे प्रमाण दुप्पट केले की दोन अणूंमधील सरासरी अंतराचा घन निम्मा होतो, म्हणून आंतरक्रिया दुप्पट होते, आणि स्पिन ज्या तापमानाला गोठतात ते तापमानही सुमारे दुप्पट व्हावयास हवे. प्रत्यक्षात वाढ याहून काहीशी मंद आढळते, परंतु दिशा हीच. शेकडा एक मँगॅनीज असलेल्या तांब्यात हे गोठण-तापमान सुमारे १० केल्विन आहे.

चुंबकीय कोंडी

इंग्रजीतील 'फ्रस्ट्रेशन' या शब्दाला मराठीत वैफल्य हा प्रतिशब्द रूढ आहे. येथे मात्र 'कोंडी' हा शब्द वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो. स्पिनांना निराशा येत नाही. त्यांच्यापुढे एकाच वेळी पाळता न येणाऱ्या आज्ञा असतात.

लग्नाच्या मांडवात दोनच पंगती मांडल्या आहेत आणि तिघा भाऊबंदांपैकी प्रत्येकाचे उरलेल्या दोघांशी वाकडे आहे, असे समजावे. वैऱ्याच्या शेजारी एकाच पंगतीत कोणीही बसणार नाही. पहिला एका पंगतीत बसला, दुसरा समोरच्या. तिसऱ्याने काय करावे? तो कोठेही बसला तरी एका वैऱ्याची पंगत त्याला टळत नाही. त्रिकोणाच्या शिरोबिंदूंवर तीन स्पिन ठेवून प्रत्येक जोडीत प्रतिलोहचुंबकीय आंतरक्रिया घातली की हीच अवस्था येते. एकूण आठ रचनांपैकी सहा रचना सारख्याच 'कमीत कमी वाईट' ठरतात. सर्वोत्तम रचना एक नसून अनेक असणे, हे कोंडीचे लक्षण होय.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जेरार टुलूझ यांनी १९७७ मध्ये या कल्पनेला नेमके गणिती रूप दिले. कोणतेही बंद वर्तुळ घ्यावे व त्यावरील आंतरक्रियांच्या चिन्हांचा गुणाकार करावा. तो ऋण आला तर त्या वर्तुळात कोंडी आहे, धन आला तर नाही. या कसोटीचे महत्त्व डॅनियल मॅटिस यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या एका प्रतिमानावरून चांगले समजते. त्यात आंतरक्रियांची चिन्हे यादृच्छिक दिसतात, परंतु कोणत्याही वर्तुळाचा गुणाकार ऋण येत नाही. अशा पदार्थातील निवडक स्पिनांना 'वर' ऐवजी 'खाली' असे केवळ नाव दिले की सारा पदार्थ साधा लोहचुंबक निघतो. अव्यवस्था तेथे वरवरची आहे. याउलट शुद्ध त्रिकोणी जालकावरील प्रतिलोहचुंबकात कोंडी ठासून भरलेली असते पण अव्यवस्था नसते. ग्रेगरी वानिये यांनी अशा प्रतिमानाची एंट्रॉपी १९५० मध्ये अभ्यासली. निरपेक्ष शून्यालाही प्रत्येक स्पिनमागे बोल्ट्झमन स्थिरांकाच्या ०.३२३ पट एंट्रॉपी त्यात शिल्लक राहते. डिस्प्रोशियम टायटेनेट या संयुगात १९९९ साली झालेल्या उष्णतामापनात अशीच शिल्लक एंट्रॉपी आढळली. लायनस पॉलिंग यांनी १९३५ मध्ये पाण्याच्या बर्फासाठी काढलेल्या किमतीशी ती जुळली, म्हणून या संयुगाला 'स्पिन-बर्फ' म्हणतात.

स्पिन-काच घडण्यास सामान्यतः अव्यवस्था आणि कोंडी ही दोन्ही लागतात. 'सामान्यतः' हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे. यिट्रियम, मॉलिब्डेनम व ऑक्सिजन यांच्या पायरोक्लोर संयुगात रासायनिक अव्यवस्था फारशी आढळत नाही, तरीही त्याचे स्पिन सुमारे २२ केल्विनला काचेसारखे गोठतात.

प्रयोगशाळेतील परस्परविरोधी साक्षी

१९७२ साली कॅनेला व मायडॉश यांनी सोने-लोह मिश्रधातूंची चुंबकीय प्रवणता मोजली. प्रवणता म्हणजे अल्प चुंबकीय क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो याचे माप. त्यापूर्वीच्या मोजमापांत तापमानाबरोबर प्रवणतेचा एक रुंद, गोलसर उंचवटा दिसत असे, आणि त्यात कोणाला विशेष वाटले नव्हते. या दोघांनी वापरलेले प्रत्यावर्ती क्षेत्र अवघ्या काही गाउसचे होते. इतक्या मंद क्षेत्रात गोलसर उंचवट्याच्या जागी अणकुचीदार टोक प्रकट झाले. शंभर-दोनशे गाउसचे स्थिर क्षेत्र सोबत लावताच टोक पुन्हा बोथट झाले. पूर्वीच्या प्रयोगांत मोजण्यासाठी लावलेले क्षेत्रच मोजावयाची गोष्ट पुसून टाकीत होते.

तीक्ष्ण टोक हे प्रावस्था-संक्रमणाचे पारंपरिक चिन्ह आहे. तेव्हा येथे पदार्थाची नवी अवस्था आहे, असे मानण्यास आधार मिळाला. परंतु इतर साक्षी जुळेनात. न्यूट्रॉन प्रकीर्णनात सुव्यवस्थित चुंबकत्वाची निदर्शक अशी कोणतीही नवी शिखरे दिसली नाहीत. स्पिन कोणत्याही आवर्ती नमुन्यात लागलेले नव्हते. वेंगर व कीसम यांनी १९७६ मध्ये तांबे-मँगॅनीजची विशिष्ट उष्णता मोजली. गोठण-तापमानाला तीत काहीच घडत नव्हते, फक्त त्याच्या बरेच वर एक पसरट उंचवटा होता. बर्फ वितळताना वा लोखंड आपले चुंबकत्व गमावताना विशिष्ट उष्णता मूग गिळून बसत नाही. शिवाय प्रत्यावर्ती क्षेत्राची वारंवारता वाढविली की टोकाची जागा किंचित वर सरकत होती. खऱ्या संक्रमणाचे तापमान मोजणाऱ्याच्या घाईवर अवलंबून असू नये.

यावरून अनेकांनी असा पक्ष घेतला की हे संक्रमण नव्हेच. स्पिनांचे लहान लहान पुंजके आपापल्या गतीने मंद होत जातात आणि मोजणाऱ्याला ते गोठल्यासारखे भासतात, एवढेच. हा पक्ष खोडून काढण्यास आकड्यांचा उपयोग झाला. परस्परांशी असंबद्ध अशा चुंबकीय पुंजक्यांत वारंवारता दसपट केल्यास टोकाचे तापमान शेकडा दहा किंवा त्याहून अधिक सरकते. तांबे-मँगॅनीजमध्ये ते अवघे शेकडा अर्धा सरकते. इतका अल्प बदल स्वतंत्र पुंजक्यांच्या कल्पनेत बसत नाही. त्यासाठी सर्व स्पिनांची सामूहिक हालचाल मानावी लागते. पुढे अरेखीय प्रवणता, म्हणजे क्षेत्राच्या घनाशी निगडित असलेला प्रतिसाद, मोजला गेला. गोठण-तापमानाजवळ येताना तो अमर्याद वाढू लागतो. लेव्ही व ओगिएल्स्की यांनी १९८६ साली चांदी-मँगॅनीजवर केलेले काम या बाबतीत निर्णायक मानले जाते. विशिष्ट उष्णतेचे मौनही मग उलगडले. या संक्रमणात तिच्यातील बदल इतका सौम्य असतो की तो नजरेस पडू नये, हेच सिद्धांताला अपेक्षित आहे. साध्या चुंबकाची सवय झालेल्या नजरेने पुरावा चुकीच्या जागी शोधला जात होता.

वय आणि स्मृती

नागाता, कीसम व हॅरिसन यांनी १९७९ मध्ये तांबे-मँगॅनीजवर एक सरळ प्रयोग केला. नमुना एकदा क्षेत्राविना थंड करून मग क्षेत्र लावले. दुसऱ्यांदा क्षेत्र लावूनच थंड केला. गोठण-तापमानाच्या वर दोन्ही वेळचे चुंबकन एकच येते. खाली मात्र दोन वक्र वेगळे होतात. तापमान तेच, क्षेत्र तेच, तरीही चुंबकन निराळे. लोखंडातही हिस्टेरिसिस असते, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु लोखंडात समतोलाची अवस्था कोणती हे ठाऊक असते, केवळ प्रांतांच्या सीमा अशुद्धींपाशी अडकल्यामुळे तेथे पोहोचण्यास उशीर होतो. स्पिन-काचेत ती अवस्था प्रयोगाने आजवर कोणी गाठलेली नाही.

स्वीडनमधील उप्साला येथे लुंडग्रेन व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये याहून विलक्षण गोष्ट दाखविली. नमुना क्षेत्राविना गोठण-तापमानाखाली आणावयाचा, तापमान स्थिर ठेवून काही काळ थांबावयाचे, आणि मग अल्प क्षेत्र लावून चुंबकन कसे वाढते ते पाहावयाचे. थांबण्याच्या काळात मोजण्यासारखे काही घडत नाही असे वाटते. प्रत्यक्षात दहा मिनिटे थांबलेला नमुना क्षेत्राला दहा मिनिटांच्या कालप्रमाणात उत्तर देतो आणि दहा तास थांबलेला नमुना दहा तासांच्या. चुंबकनवाढीचा वेग काळाच्या लॉगरिदमनुसार मांडला असता त्याचे शिखर थांबलेल्या काळाच्या जवळपास येते. म्हणजे केवळ प्रतिसाद मोजून त्या नमुन्याचे वय सांगता येते. या गुणधर्माला वार्धक्य हे नाव आहे. नमुना जितका वृद्ध तितका तो ताठर. पुन्हा गोठण-तापमानाच्या वर नेला की त्याचे सारे वय पुसले जाते.

१९९८ साली फ्रान्स व स्वीडनमधील संशोधकांनी केलेला प्रयोग या क्षेत्रातील सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक म्हणावा लागेल. नमुना कॅडमियम, क्रोमियम, इंडियम व गंधक यांच्या संयुगाचा होता. हा पदार्थ विद्युतनिरोधक आहे, त्यामुळे स्पिन-काच ही केवळ धातूंची मिरास नाही हेही येथे लक्षात यावे. त्याचे गोठण-तापमान १६.७ केल्विन. नमुना सावकाश थंड करीत १२ केल्विनला आणला व तेथे सात तास थांबविला. या काळात त्याचा प्रत्यावर्ती प्रतिसाद हळूहळू घटत गेला. नमुना वृद्ध होत होता. नंतर तो पुढे थंड केला, तेव्हा प्रतिसाद पुन्हा वाढून न थांबता थंड केलेल्या नमुन्याच्या वक्राला येऊन मिळाला. सात तासांचे वार्धक्य जणू झालेच नव्हते. परंतु तळाच्या तापमानावरून नमुना कोठेही न थांबता परत तापवीत आणला असता, १२ केल्विनजवळ येताच प्रतिसादात खळगा पडला आणि पुढे तो भरून निघाला. पदार्थाने आपण कोणत्या तापमानाला विसावलो होतो ते लक्षात ठेवले होते. मधल्या काळात तो त्याखाली जाऊन ताजातवाना होऊन आला तरी ती नोंद पुसली नव्हती.

अशी स्मृती कोणत्या रचनेत साठू शकेल? ऊर्जेचे चित्र सह्याद्रीतील डोंगराळ प्रदेशासारखे कल्पावे. साध्या लोहचुंबकात खोल दऱ्या दोनच, सगळे स्पिन वर अथवा सगळे खाली. स्पिन-काचेत दऱ्या असंख्य, प्रत्येक दरीच्या पोटात लहान खोरी, त्या खोऱ्यांत आणखी लहान ओहोळ. वरच्या तापमानाला थांबलेला पदार्थ मोठी दरी निवडण्याचे काम करतो. तापमान उतरले की ती दरी सोडण्याची ताकद उरत नाही, पण तिच्या पोटातील लहान खोऱ्यांमध्ये नव्याने शोध सुरू होतो, तोच ताजेपणा. परत वर आले की आधी निवडलेली मोठी दरी जागेवरच असते. हे केवळ कल्पनाचित्र आहे, परंतु त्यामागे एक कठीण सिद्धांत उभा आहे.

शून्याइतक्या प्रतिकृती

एडवर्ड्स व अँडरसन यांनी १९७५ मध्ये योग्य प्रश्न विचारला. निरनिराळ्या जागांवरील स्पिन एकमेकांशी जुळतात का, असे न विचारता त्यांनी विचारले: एकाच जागेवरील स्पिन दीर्घ काळानंतर स्वतःच्या पूर्वीच्या दिशेशी जुळतो का? उत्तर होकारार्थी असेल तर पदार्थ गोठलेला आहे, मग दिशांचा नकाशा कितीही विस्कळीत असो. सुव्यवस्थेची व्याख्या अशा रीतीने अवकाशातून काळात आणली गेली.

त्याच वर्षी शेरिंग्टन व कर्कपॅट्रिक यांनी प्रत्येक स्पिन इतर प्रत्येक स्पिनशी यादृच्छिक आंतरक्रियेने जोडलेला असल्याचे प्रतिमान मांडले. ते अचूक सुटेल अशी अपेक्षा होती. अव्यवस्थेवर सरासरी काढताना लॉगरिदम आडवा येतो, म्हणून एक जुनी युक्ती वापरण्यात आली: पदार्थाच्या अनेक प्रतिकृती घेऊन गणित करावयाचे आणि शेवटी प्रतिकृतींची संख्या शून्याकडे न्यावयाची. सर्व प्रतिकृती सारख्याच मानून उत्तर आले, परंतु त्यात निरपेक्ष शून्याजवळची एंट्रॉपी ऋण येत होती, प्रत्येक स्पिनमागे बोल्ट्झमन स्थिरांकाच्या −०.१६ पट. एंट्रॉपी म्हणजे शक्य रचनांच्या मोजणीचा लॉगरिदम. या प्रतिमानात ती ऋण असणे म्हणजे एकाहून कमी रचना असणे. किमान ऊर्जा प्रत्येक स्पिनमागे −०.७९८ येत होती, तर संगणकावरील गणनेत ती −०.७६ च्या आसपास. लेखकांना हा दोष पहिल्याच निबंधात दिसला होता आणि त्यांनी तो लपविला नाही, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. द आल्मेदा व थाउलेस यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की दोष सर्व प्रतिकृती सारख्या मानण्यात आहे.

इटलीचे जॉर्जो पारिसी यांनी १९७९-८० मध्ये प्रतिकृतींची ही सममिती एका विशिष्ट क्रमाने, पायरी-पायरीने आणि अखेर अनंत पायऱ्यांनी मोडली. एंट्रॉपी शून्यावर आली, ऊर्जा −०.७६३ आली. उत्तर बरोबर होते; त्याचा अर्थ काय हे मात्र कोणाला नीट सांगता येत नव्हते. तो अर्थ १९८३-८४ मध्ये स्पष्ट झाला. एकाच नमुन्यात समतोलाच्या असंख्य अवस्था असतात आणि त्या परस्परांशी वंशावळीच्या नात्याने बांधलेल्या असतात. सख्खे, चुलत, चुलत-चुलत ही नाती सामाईक पूर्वज किती पिढ्या मागे सापडतो यावरून ठरतात. कोणतेही तिघे घेतले तर दोघे एकमेकांना अधिक जवळचे आणि तिसरा दोघांपासून सारखाच दूर, किंवा तिघेही समान अंतरावर. अवस्थांमधील अंतरेही नेमका हाच नियम पाळतात. दरीत खोरी व खोऱ्यांत ओहोळ हे चित्र येथून आले आहे.

गणितज्ञांना शून्य प्रतिकृतींची युक्ती मान्य होणे शक्य नव्हते. फ्रान्चेस्को गुएरा यांनी २००३ मध्ये व मिशेल तालाग्राँ यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून पारिसींचे ऊर्जासूत्र काटेकोरपणे सिद्ध झाले. वंशावळीची रचना दिमित्री पँचेंको यांनी २०१३ मध्ये सिद्ध केली. पारिसींना २०२१ चा भौतिकशास्त्राचा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला, तालाग्राँ यांना २०२४ चे आबेल पारितोषिक.

चुंबकाबाहेर

व्यवहारात स्पिन-काचेचा जवळपास काहीच उपयोग नाही. दहा केल्विनला थंड ठेवावी लागणारी मिश्रधातू कोण विकत घेईल? तिच्यासाठी घडविलेल्या कल्पना मात्र दूरवर गेल्या. त्रिमितीय स्पिन-काचेची किमान ऊर्जेची रचना शोधणे हा संगणनशास्त्रातील अतिकठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो, असे बाराहोना यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले. विक्रेत्याचा सर्वांत छोटा प्रवासमार्ग, संगणक-चिपेवरील तारांची मांडणी यांसारखे प्रश्नही याच जातीचे आहेत. १९८३ मध्ये कर्कपॅट्रिक, जेलाट व वेक्की यांनी यावर सुचविलेला उपाय तांबट पिढ्यानुपिढ्या जाणत आले आहेत. ठोकून कठीण झालेले भांडे भट्टीत तापवावे म्हणजे ते मऊ होते. काल्पनिक तापमान चढवून हळूहळू उतरविले की गणनाही वाईट खोऱ्यात अडकून न पडता बरे उत्तर गाठते.

जॉन हॉपफील्ड यांनी १९८२ मध्ये मेंदूतील स्मृतीचे जे प्रतिमान मांडले त्यात चेतापेशी म्हणजे स्पिन आणि प्रत्येक आठवण म्हणजे एक दरी. अमित, गुटफ्रॉइंड व सोम्पोलिन्स्की यांनी १९८५ मध्ये स्पिन-काचेचेच गणित लावून दाखविले की एक हजार पेशींच्या जाळ्यात सुमारे १४० आठवणी राहू शकतात. त्याहून जास्त भरल्या की जाळे स्पिन-काच बनते आणि कोणतीच आठवण सापडत नाही. हॉपफील्ड व जेफ्री हिंटन यांना २०२४ चा भौतिकशास्त्राचा नोबेल देण्यात आला तो कृत्रिम चेताजालांच्या पायाभूत कामासाठी.

त्रिमितीय पदार्थाचा प्रश्न

ज्या पदार्थापासून हे सारे सुरू झाले त्याच्याकडे परतले असता चित्र तितके निश्चित राहत नाही. पारिसींचे उत्तर अचूक आहे ते प्रत्येक स्पिन प्रत्येकाशी जोडलेल्या प्रतिमानासाठी. प्रत्यक्ष मिश्रधातू तीन मितींची असते आणि तीत दूरच्या अणूंची आंतरक्रिया क्षीण असते. डॅनियल फिशर व डेव्हिड ह्यूज यांनी १९८६ पासून याला एक पर्याय मांडला. त्यानुसार अवस्था असंख्य नाहीत. मूळच्या दोनच आहेत, एकमेकींच्या संपूर्ण उलट. वार्धक्य म्हणजे या दोन अवस्थांच्या प्रदेशांची अत्यंत संथ वाढ. दोन्ही मतांत तत्त्वतः फरक दाखविणारी एक स्वच्छ कसोटी आहे. बाह्य चुंबकीय क्षेत्र लावल्यावर पारिसींच्या चित्रात गोठण्याचे संक्रमण टिकते, फिशर-ह्यूज यांच्या चित्रात अत्यल्प क्षेत्रानेही ते नाहीसे होते.

कसोटी स्वच्छ असली तरी ती लावणे अवघड आहे. स्पिनांचा परस्परसंबंध इतक्या संथपणे पसरतो की प्रयोगशाळेतील तासांनी मोजलेल्या प्रतीक्षेनंतरही तो काही दशके ते शेकडा अणुअंतरांच्या घरातच राहतो. एवढ्या लहान प्रदेशात दोन्ही सिद्धांतांची भाकिते जवळपास सारखी दिसतात. स्पेन व इटलीतील संशोधकांनी केवळ याच गणनेसाठी 'जेनस' नावाचा खास संगणक बांधला. २००८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या गणनेत स्पिनांच्या हालचालीचा सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतचा कालखंड प्रथमच आवाक्यात आला. क्षेत्राविना तीन मितींत संक्रमण होते, याविषयी त्यानंतर फारसा वाद राहिलेला नाही. द्विमितीय प्रतिमानात ते शून्याहून वरच्या तापमानाला होत नाही, हेही सर्वमान्य आहे. क्षेत्र लावल्यावर तीन मितींत काय होते यावर मात्र गणना करणारे गटही एकमत नाहीत, आणि मिश्रधातूच्या एका दाण्यातील अवस्था दोन की अगणित, हा प्रश्न खुला आहे.